गायीच्या घशात काहीच नव्हतं

जावेनं पाण्याचा गडू नवऱ्याच्या, म्हणजे माझ्या दिरांच्या, तोंडाजवळ नेला आणि त्यांचा गळा आतून आवळला गेला. पाणी ओठाला लागलंही नव्हतं. मान मागे गेली, छातीतून कोंडल्यासारखा आवाज आला, डोळे बाहेर आले आणि हाताच्या फटक्यानं गडू ओसरीवर लवंडला. थोड्या वेळानं ते शांत झाले. तोंडाची लाळ बाहीनं पुसली आणि रोजच्या आवाजात मला म्हणाले, "वहिनी, तहान तं गंज लागली. पन पानी पाह्यलं का गळाच बंद होऊन राह्यला."

"ऊन लागलं तुमाले," जाऊ म्हणाली. "कांदा ठेचून आनतो, तळपायाले लावतो."

शेजारची बाई कुंपणापलीकडून म्हणाली, "ऊन नाही वो, बाहेरचं हाय हे. उतरवून टाका."

मी दाराकडे पाहिलं. माझी सून लहान पोरीला कडेवर घेऊन उंबरठ्यात उभी होती. ती दिराकडे पाहत नव्हती. स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहत होती. तळहात उलटा करून पाही, पुन्हा सुलटा करी. तेव्हा मला कळलं की हे ऊन नाही, आणि कळलं की तिला माझ्या आधी कळलं आहे.

मी मुलाला हाक मारली आणि टेम्पो काढायला सांगितला.

आमचं घर कारंज्याच्या बाहेर, भाजीपाल्याच्या वाडीतच. वांगी, मिरची, सांभार म्हणजे कोथिंबीर, पत्ताकोबी, मुळा. पहाटे तोडायचं, पाण्यातून काढायचं, मुलगा टेम्पोत घालून बाजारात हर्रासाला, म्हणजे लिलावाला नेतो. जो माल विकत नाही तो परत येतो आणि जनावरापुढे पडतो. भाजीवाल्याच्या कोठ्यातलं जनावर सुक्या कुटारापेक्षा पत्ताकोबीचे बुडखे आणि मुळे जास्त खातं. म्हणून आमच्याकडे जनावराच्या घशात काही अडकणं नवीन नाही. गाय घाईनं अख्खा मुळा गिळते, तो नरड्यात आडवा बसतो, लाळ गळते, मान लांब होते, पोट फुगतं. वेळेत काढला नाही तर जनावर जातं.

ते काढण्यात माझे दीर हुशार होते. हाताला गोडं तेल चोळायचे. एकानं गायीची जीभ धरून बाजूला ओढायची, म्हणजे तिला दात मिटता येत नाहीत, आणि हे कोपरापर्यंत हात आत घालायचे. कामरगावपासून माणसं त्यांना न्यायला येत. पैसे घेत नसत. पण घसा मोकळा करून आले की ओसरीवर बसून तीन-तीनदा तीच गोष्ट सांगत, आणि ऐकणाऱ्यानं दर वेळी नवी असल्यासारखी ऐकावी लागे. मी उठून जायची. जाऊ बिचारी ऐकायची.

थंडीत आमची तांबडी गाय चाऱ्याला तोंड लावेना. लाळेच्या तारा जमिनीपर्यंत आल्या होत्या. हंबरायची, पण आवाज बसलेला, घोगरा. दीर हर्रासातून आले, त्यांनी एकदा पाहिलं आणि म्हणाले, "बुडखा अडकला. तेल आना."

जीभ धरायला नेहमी माझा मुलगा असायचा. तो बाजारात होता. सून पुढे झाली. तिच्या बोटांवर वांग्याच्या काट्यांचे ओरखडे होते, ते आमच्या सगळ्यांच्याच बोटांवर असतात. तिनं दोन्ही हातांनी जीभ ओढून धरली आणि दिरांनी हात घातला. बराच वेळ चाचपलं. बाहेर काढला तर हात रिकामा.

"नाही काही," ते म्हणाले. त्यांना ते पटलं नाही. पुन्हा घातला. या वेळी गायीनं मान झटकली, तिच्या दाढा त्यांच्या मनगटावरून घासल्या, कातडी सोलली गेली. हात पुन्हा रिकामाच आला.

"खाली उतरला असन बुडखा," ते म्हणाले. "होईन मोकळी."

त्यांनी हात बारदान्याला पुसला, सोललेल्या जागी डबीतला चुना लावला, वरून मळलेली तंबाखू दाबली आणि भाकर खायला बसले. सुनेला पीठ मळायचं होतं म्हणून तिनं साबणानं हात धुतले. पिठासाठी धुतले, दुसऱ्या कशासाठी नाही. दोघांच्या हातांत एवढाच फरक होता, आणि तो त्या दिवशी कोणी मोजला नाही.

गाय मोकळी झाली नाही. दुसऱ्या दिवशी तिचे मागचे पाय लटपटायला लागले. दावं तोडून तिनं कुंपणाला डोकं मारलं. जनावराचा डॉक्टर आला. तो कोठ्यात शिरलाच नाही, दारातून पाहिलं. तिच्या नाकपुडीवर एक वाळलेली जखम होती. ती आम्हाला काट्याची वाटली होती. त्यानं विचारलं, "गावात कुत्रं पिसाळलं होतं का?" एक आलं होतं, पोळ्याच्या पुढेमागे. लोकांनी मारलं होतं. आमच्या वाडीतून ते गेलं होतं की नाही, कोणी पाहिलं नव्हतं.

मग त्यानं विचारलं, "तोंडात हात कोणी घातला?"

दीर म्हणाले, "म्या घातला. माह्यं कामच हाय ते."

"आजच्या आज सरकारी दवाखान्यात जा. जीभ धरणाऱ्यानंही जा. सगळ्या सुया घ्या, एकही चुकवू नका."

गाय मेली. खोल खड्डा करून चुना टाकून पुरली, कातडं काढू दिलं नाही. दूध घेणाऱ्या बाया दारात भांडायला आल्या. एक म्हणाली, "तुमी आमाले इख पाजलं." मी म्हणाले, "तापवून पेली का कच्चं?" म्हणे तापवून. "मंग जाय घरी," मी म्हणाले. डॉक्टरनं सांगितलं होतं की तापवलेल्या दुधात ते टिकत नाही.

दीर आणि सून दवाखान्यात गेले. तिथं कुत्रं चावलेल्यांची रांग होती. नाव सांगा, वय सांगा, कुत्रं कुठं चावलं सांगा. दीर म्हणाले, कुत्रं नाही, गाय. मागच्या एका पोरानं विचारलं, "काकाजी, गाय भुंकली का?" सगळी रांग हसली. दुसरा म्हणाला, "सांभाळा बाप्पा, उद्या काकाजी दूध देतीन." सून घरी येऊन हे सांगताना हसली. दीर हसले नाहीत. पंचक्रोशीत ज्याच्या हाताला लोक मानत होते, त्याला रांगेत उभं राहून सांगावं लागलं की हाच हात चुकला.

पहिल्या दिवशी जखमेभोवती वेगळं औषध टोचलं आणि दंडात एक सुई दिली. पुढच्या सुईच्या दिवशी पत्ताकोबी तोडणीला आली होती. मी म्हणाले, "भाऊजी, जा ना."

"कुत्र्यानं मले चावलं का वहिनी? गाय हाय ते. गायीच्या तोंडातून कधी इख आलं का?"

"डाक्टरनं सांगतलं नाही का?"

"डाक्टरले काय समजते, तो जीभ धराले आला होता?" आणि सुनेला म्हणाले, "तू जाय पोरी. तू तरनी हायेस, तुले नटून बजारात जायाले बहाना पाह्यजे."

ती गेली. मी पाठवली. ती म्हणाली होती, "आत्याबाई, काकाजी नाही जाऊन राह्यले, तं मी एकटी कायले?" मी म्हणाले, "तो बुढा हाय, तुई पोट्टी अंगावर पेते. चाल, हो बाहेर." तिसरी सुईही घेतली. मग तिच्या भावाचं लग्न लागलं, ती माहेरी गेली, हळदीत, वरातीत विसरली. परत आली तेव्हा तारीख उलटून गेली होती. हात बरा होता, दिरांचा हातही बरा होता, वालाला शेंगा लागल्या होत्या, कामं होती. मीही पुन्हा विचारलं नाही.

उन्हाळा लागला. एके दिवशी दीर मिरचीत पाणी देताना म्हणाले, "हाताले मुंग्या येऊन राह्यल्या." जिथं दाढ घासली होती, तिथंच. फवारणीचं औषध लागलं असेल म्हणून मी तेल चोळून दिलं. मग ताप आला, मग झोप गेली, मग ते पाण्याकडे पाहून दचकायला लागले. पुढे तो गडू.

दवाखान्यातली डॉक्टर तरुण बाई होती. तिनं दिरांच्या तोंडावर कागदानं वारा घातला. नुसता वारा. लगेच गळा आवळला, मान मागे गेली. तिनं पुन्हा घातला नाही. आम्हाला बाहेर बोलावलं आणि स्पष्ट सांगितलं, "आता उपाय नाही. मोठ्या दवाखान्यात न्या, तिथं झोपेचं औषध देतील, त्रास कमी होईल. जगणार नाहीत."

जाऊ खाली बसली. मी बसले नाही. मी विचारलं, "गाय थंडीत मेली. हे आता कुठून आलं?"

तिला वेळ नसेल, पण तिनं सांगितलं. मी चौथीपर्यंत शिकलेली. तिनं सांगितलेलं मी माझ्या समजुतीनं लिहिते.

ती म्हणाली, हा विषाणू. जंतूला निदान खाणं लागतं, तो आपला आपण वाढतो. विषाणू खात नाही, श्वास घेत नाही, त्याला तोंड नाही, पोट नाही. बाहेर पडून राहिला तर धुळीसारखा पडून राहतो आणि संपतो. तो जिवंत की मेलेला, हे शिकलेल्यांनाही एका शब्दात सांगता येत नाही. पण अंगातल्या जिवंत पेशीत शिरला की तिला आपल्या कामाला लावतो. ती पेशी स्वतःचं काम सोडून त्याच्यासारखे दुसरे बनवत बसते. ते बाहेर पडून शेजारच्या पेशीत शिरतात.

मला संत्र्याचा डोळा आठवला. जंबेरीच्या, म्हणजे रानलिंबाच्या, रोपाची साल चिरून तिच्यात संत्र्याचा एवढासा डोळा भरतात. मुळं जंबेरीची, पाणी जंबेरी ओढते, राबते जंबेरी, आणि जन्मभर फळ देते संत्र्याचं. तिला कोणी विचारत नाही. फरक एवढाच की संत्र्यापासून माणसाला काही मिळतं.

आमच्या मिरचीवर बोकड्या येतो, तोही असाच. पांढरी माशी एका झाडाचा रस पिते, दुसऱ्यावर बसते, तिच्या तोंडातून तो आत जातो. पानं आकसतात, वर वळतात. मग त्या झाडावर काहीही फवारा, ते सुधरत नाही, कारण रोग पानावर बसलेला नसतो, पानाच्या आत झाडच तो बनवत असतं. झाड उपटायचं, जाळायचं आणि बाकीची राखायची. हे मी आयुष्यभर केलं. माणसालाही तसंच काही होतं, हे मला म्हातारपणी कळलं.

ती म्हणाली, हा रक्तातून फिरत नाही. रक्तात असता तर अंगातल्या फौजेनं त्याला पाहिला असता. हा जखमेतून मांसात शिरतो, तिथून मज्जातंतू धरतो. मेंदूपासून बोटापर्यंत जी तार गेलेली आहे, तिच्या आतून तो वर चढतो, फार हळू. कोणाला महिना लागतो, कोणाला वर्ष. तोवर माणूस खातो, पितो, हर्रासात भाव करतो. मेंदूत पोचला की मग खाली उतरतो आणि लाळेत येतो. लाळेत येतो, आणि त्याच वेळी गिळणं बंद करतो, म्हणजे लाळ तोंडातच साचते. कुत्र्याला चावायची बुद्धी होते ती त्याच वेळी. गाय चावत नाही, पण तिची लाळ गळते, गिळता येत नाही, आणि पाहणाऱ्याला वाटतं घशात काही अडकलं आहे. म्हणून माणूस हात घालतो.

गायीच्या घशात काहीच नव्हतं. दोनदा रिकामा हात आला, तेव्हा तो हेच सांगत होता.

"आनि सुया?" मी विचारलं.

"त्या फौजेला आधीच ओळख करून देतात. विषाणू मेंदूत पोचायच्या आत फौज तयार झाली तर माणूस वाचतो. चावल्यानंतर सुई घेऊन वाचता येतं, ते तो हळू चालतो म्हणूनच. आणि साबण. याच्या अंगावर चरबीचा पातळ पापुद्रा असतो. साबणानं, वाहत्या पाण्यानं बराच वेळ धुतलं तर तो फाटतो. जखमेत चुना, मिरची, तंबाखू भरून काही होत नाही."

सून मागे उभी होती. तिनं विचारलं, "म्या तीनच घेतल्या. मंग?"

डॉक्टरनं विचारलं, "हात धुतला होता?"

"पीठ मळाचं होतं."

"बरं झालं. राहिलेल्या आजपासून घे. वाचशील असं मला वाटतं. पण लिहून देणार नाही." मग जावेकडे, माझ्याकडे, मुलाकडे पाहून म्हणाली, "ज्यांनी यांची लाळ पुसली, उष्टं खाल्लं, त्या सगळ्यांनी घ्या." आम्ही सगळे त्याच रांगेत उभे राहिलो. या वेळी कोणी हसलं नाही.

दिरांना मोठ्या दवाखान्यात नेलं. पंखा बंद, खिडकीला चादर. दोन झटक्यांच्या मधे ते पूर्ण शहाणे असायचे, हे सगळ्यात वाईट. वेड लागलं असतं तर आम्हाला सोपं गेलं असतं. मला म्हणाले, "वहिनी, मिरचीचं पानी चालू राह्यलं का बंद केलं?"

"बंद केलं."

"पोरगी कशी हाय?" सुनेबद्दल विचारत होते.

"हाय. सुया घेऊन राह्यली."

"घेऊ द्या. म्या तिले नटवी म्हटलं." मग म्हणाले, "जीभ चांगली धरली होती तिनं. सुटू नाही देली."

जाऊ ओल्या फडक्यानं त्यांचे ओठ भिजवायला गेली, तर फडकं पाहूनच झटका आला. नवऱ्याला पाण्याचा थेंब देता आला नाही तिला. झोपेचं औषध दिलं, त्यात ते गेले. जाऊ मला म्हणाली, "तुमी तेव्हा त्याईले वढून काहून नाही नेलं? सुनेले नेलं." मी म्हणाले, "सून माह्यं ऐकते. तुया नवऱ्यानं कोनाचं ऐकलं?" आम्ही एकाच चुलीवर स्वयंपाक करतो, अजूनही करतो.

त्यानंतर घरात एकच गोष्ट होती, सून. सुया पूर्ण झाल्या. पण डॉक्टरनं लिहून दिलं नव्हतं, आणि तार तिच्याही हातात होती. तिनं पोरीला माझ्याकडे टाकलं. दूध पाजेना, मुका घेईना, पोरीच्या ताटलीला हात लावेना. दवाखान्यात विचारून आलो, दुधातून जात नाही, तू आजारी नाहीस, पाज. तरी पाजेना. पोरगी रडायची, हिचा पदर ओला व्हायचा, ही भिंतीकडे तोंड करून बसायची.

एक दिवस मी पोरीला तिच्या मांडीवर आपटल्यासारखं ठेवलं. "मराचं असन तं पोट्टीले पाजून मर. उपाशी ठेवून मारशीन तं दोन मयती माह्या माथी."

"तुमाले काही भेव नाही वाटत आत्याबाई?"

"वाटते. म्हनून तं म्हनतो. पाज."

तिनं पाजलं. रडत पाजलं.

सकाळी उठल्यावर ती काही बोलायच्या आत स्वयंपाकघरात जाऊन पेला भरायची. आधी त्याच्याकडे पाहायची, मग तोंडाला लावायची. घोट खाली गेला की चूल पेटवायची. मी चुलीजवळ बसून तिचा गळा पाहायची. मी पाहते आहे हे तिलाही दिसायचं. दुपारी म्हणायची, "आत्याबाई, पंखा लावा." गरमीनं म्हणते की तपासून पाहते, मला कळायचं नाही. मी लावायची आणि तिच्या मानेकडे पाहायची. कधी वांग्याचा काटा बोचून बोट चुरचुरलं, तर ती काम सोडून ते बोट माझ्यापुढे धरायची. मी त्या जागी दाबून पाहायची आणि म्हणायची, "काटा हाय, काम कर."

त्या पावसाळ्यात मिरचीवर पुन्हा बोकड्या आला. मी ओळीओळीनं झाडं उपटली. सून मागून गोळा करत आली. एका झाडाजवळ थांबून म्हणाली, "याले एकच पान वळलं हाय. राहू द्या ना. सुधरन."

"नाही सुधरत," मी म्हणाले आणि उपटलं.

एक दिवस शिरपूरकडचा एक माणूस टेम्पो घेऊन आला. त्याच्या म्हशीच्या घशात काही अडकलं होतं. दीर गेल्याचं त्याला माहीत नव्हतं. माझा मुलगा उठला. सून दारात आडवी उभी राहिली. म्हणाली, "आधी डाक्टर बोलवा. कुत्रं चावलं का ते पाहा. मंग हात." तो माणूस चिडला, "तवरक म्हैस मरन." ती म्हणाली, "मरू द्या." तो शिव्या देत गेला. त्याच्या म्हशीचं काय झालं, मला माहीत नाही.

दवाखान्यातल्या डॉक्टरनं सांगितलं होतं, वर्ष निघालं की फारशी भीती नाही. वर्ष निघालं. पोरगी आता चालते. सून सकाळी पेला न पाहता पाणी पिते, मधेच बोलते, पाणी सांडते, पुसते.

त्या गायीच्या तोंडात आमच्या घरातल्या दोघांनी हात घातला होता. दीर वारले. सून जिवंत आहे.